बाप म्हणतो जिप्सम, पोरगी म्हणते आयन एक्स्चेंज

प्रश्न : रामराम सर. माझी पोरगी अमरावतीले एम.एस्सी. करून रायली, केमिस्ट्रीत. दिवाळीत घरी आली तं मी इचारलं, बाई, तू करतं तरी काय? ते म्हणे, बाबा, थराथराचा दगड भट्टीत बनवतो, अन् त्याच्या मंधातला पोटॅशियम काढून हायड्रोजन घालतो. दगड तसाच रायते. मी म्हटलं, हे तं आपल्या खारपाणात जिप्सम टाकण्यासारखंच झालं. सोडियम काढा, कॅल्शियम घाला, माती तेच. ते हासली. म्हणे तसं नसते बाबा. सर, तसं नसते काय? कागदावर नाव लिहून देल्लं हाय, 'लेयर्ड पेरोव्हस्काइट'. मले समजन असं सांगजा.
— एक शेतकरी, दर्यापूर तालुका

उत्तर : भाऊ, रामराम. निकाल आधी सांगतो : तुमचं बरोबर आहे. पोरीला हसू आलं त्यात तिचा दोष नाही, पुस्तकांचा आहे. मातीचा धडा एका पुस्तकात, स्फटिकांचा दुसऱ्यात, आणि दोन्ही पुस्तकं एका टेबलावर कधी येत नाहीत.

खरं तर ही अदलाबदल रसायनशास्त्राला कळली तीच मुळी शेतातून. इंग्लंडात जॉन थॉमस वे नावाचे रसायनतज्ज्ञ तिथल्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार होते. एका जमीनदाराच्या ध्यानात आलं होतं की अमोनियाचं खत मातीतून गाळलं तर खाली अमोनिया जवळपास उतरतच नाही. वे यांनी ते मोजून पाहिलं आणि १८५० साली छापलं. वरून अमोनियम सल्फेट ओतलं, तर खालून कॅल्शियम सल्फेट बाहेर आलं. म्हणजे तुमचं जिप्समच. मातीने अमोनियम ठेवून घेतलं आणि तेवढ्याच मापाचं कॅल्शियम परत दिलं, वाण्याच्या तराजूसारखं. आयन म्हणजे विजेचा भार असलेला कण, आणि 'आयन एक्स्चेंज', म्हणजे आयनांची अदलाबदल, म्हणतात ते हेच.

मी तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात २७ वर्षं केमिस्ट्री शिकवली. प्रयोगशाळेला बजेट नव्हतं, म्हणून मी हा प्रयोग फुकटात करून दाखवायचो. पाण्याची बाटली बुडाशी कापायची, उलटी धरून तोंडात कापसाचा बोळा बसवायचा, वर काळी माती भरायची. पहिल्यांदा नुसतं डिस्टिल्ड वॉटर ओतायचं. खाली गाळून आलेल्या पाण्यात अमोनियम ऑक्झलेटचे थेंब टाकले की जेमतेम धुरकट होतं. मग त्याच मातीवर पोटॅशचं पाणी ओतायचं. शेतातलाच पोटॅश, फक्त पांढरा घ्यायचा. लालमधला गाळ उगाच त्रास देतो. आता तेच थेंब टाकले की नळीत दह्यासारखा पांढरा साका. तो कॅल्शियमचा. पोटॅशियम आत गेलं आणि कॅल्शियमला बाहेर यावं लागलं. पोरं डोळे मोठे करून पाहत.

एका वर्षी एका पोराने पूर्णेकाठच्या आपल्या वावरातली खारपाणाची, म्हणजे खाऱ्या पट्ट्यातली माती आणली. पाणी ओतलं, ते वरच राहिलं. सकाळची बाटली दुपारपर्यंत तशीच. सोडियमने भरलेली माती पाण्यात फुगून, सुटी होऊन बारीक छिद्रं बुजवून टाकते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पावसाळ्यात तुमच्या बांधावर पाणी कसं उभं राहतं ते तुम्ही रोज पाहता. दुसऱ्या बाटलीत मूठभर जिप्सम मिसळलं, ती संध्याकाळी ठिबकायला लागली. त्या दिवशी माझा धडा त्या पोरानेच शिकवला.

आता थरांचं. आपली काळी माती म्हणजे पातळ पापुद्र्यांची थप्पी. एक पापुद्रा सुमारे १० अँगस्ट्रॉम जाड. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, मोजायच्या भानगडीत पडू नका. पापुद्र्यांवर ऋणभार असतो, आणि तो फेडायला मधल्या फटीत कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम असे धनभाराचे आयन बसलेले असतात. फटीत पाणी शिरलं की जमीन फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेलं की तिला भेगा पडतात, ज्यात तुमच्या हातातली काठी अर्धी आत जाते.

पोरीचा दगडही थप्पीच आहे, पापुद्रे वेगळे. मूळ पेरोव्हस्काइट हे एक खनिज, कॅल्शियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजनचं. १८३९ साली गुस्ताव रोझ यांनी ते उरल पर्वतातल्या नमुन्यात ओळखलं आणि लेव पेरोव्हस्की या रशियन सरदाराचं नाव त्याला दिलं. त्याची रचना अशी : मध्ये एक टायटॅनियम, त्याच्याभोवती सहा ऑक्सिजन. वर एक, खाली एक, चार बाजूंना चार. बुडाला बूड लावलेल्या दोन पिरॅमिडसारखा हा आकार, त्याला अष्टफलक म्हणतात. असे अष्टफलक टोकाला टोक जोडत सगळ्या दिशांनी पसरत जातात, आणि आठ अष्टफलकांच्या मधल्या खोलीत एक मोठा आयन बसतो, मूळ खनिजात कॅल्शियम.

या अखंड ठोकळ्याचे आडवे काप काढा. प्रत्येक काप तीन अष्टफलक जाडीचा ठेवा आणि दोन कापांच्या मध्ये पोटॅशियमचा थर पसरा. झाला 'लेयर्ड', म्हणजे थराथराचा. (प्रत्यक्षात कुणी कापत नाही, योग्य मापाची पूड भाजली की तो आपोआप असाच जमतो.) तुमच्या पोरीचा पदार्थ बहुधा पोटॅशियम लॅन्थॅनम टायटनेट असावा : पोटॅशियम दोन, लॅन्थॅनम दोन, टायटॅनियम तीन, ऑक्सिजन दहा. भाराचा हिशेब करून पाहा. पोटॅशियमचे दोन, लॅन्थॅनमचे तीन-तीन करून सहा, टायटॅनियमचे चार-चार करून बारा, बेरीज वीस. ऑक्सिजनचे दोन-दोन करून वीस. जमा-खर्च बरोबर. हा पदार्थ आपल्याच देशातला आहे, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतला : जे. गोपालकृष्णन आणि व्ही. भट यांनी १९८७ साली या घराण्याची आणि त्याच्या अदलाबदलीची पहिली हकीकत छापली. ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगायचो, कारण पाठ्यपुस्तकातले सगळे शोध परदेशातच लागतात असा पोरांचा समज होऊन बसतो.

पोटॅशियमच का निघतं, टायटॅनियम का नाही? टायटॅनियम आणि ऑक्सिजनची गाठ पक्की असते. मधल्या थरातलं पोटॅशियम फक्त भाराच्या ओढीने तिथे टेकलेलं असतं. हजार अंश तापमानाच्या भट्टीत सगळेच हलतात, म्हणून पूड तिथे भाजतात. अदलाबदल मात्र त्याच्या फार खाली करतात, सौम्य आम्लात किंवा ३५० अंशांच्या आसपास वितळलेल्या क्षारात. तेवढ्या उष्णतेत मधले आयन जागा सोडतात, पापुद्रा ढिम्म हलत नाही. त्यामुळे असे काही पदार्थ हाती येतात जे थेट भट्टीत भाजून मिळणारच नाहीत. भाजायला गेलं तर ते मोडून दुसरंच काही तयार होतं. माझ्या मते या विषयातली सगळी मजा इथेच आहे. आधी तापवा, मग थंड डोक्याने बदला.

आणि मधला आयन बदलला की पापुद्रे सरकतात. हे मात्र तुमच्या मातीपेक्षा जास्त सुंदर आहे. वरुड-मोर्शीकडे पेटीत संत्री भरताना पाहिली असतील. चौकटीत एक थर मांडला, समजा ही खालच्या कापाची ऑक्सिजनची टोकं. आता वरचा थर हाताने तोलून धरा. अगदी संत्र्यावर संत्रं ठेवलं तर खालची चार आणि वरची चार, अशा आठांच्या मध्ये भलीमोठी पोकळी. वरचा थर एका बाजूला अर्ध्या घराने सरकवला तर पोकळीला शेजारी उरतात सहा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सरकवला तर चार, आणि पोकळी चिमुकली. नायोबियम नावाच्या धातूच्या एका थराथराच्या ऑक्साइडमध्ये, ज्यात कॅल्शियम दोन आणि नायोबियम तीन असतात, हे तंतोतंत घडतं. मध्ये सीझियमसारखा दांडगा आयन असेल तर पहिली मांडणी, पोटॅशियमला दुसरी, सोडियमला तिसरी. सीझियम काढून सोडियम घातलं की अख्खे पापुद्रे अर्धं घर सरकून बसतात, एकही गाठ न तुटता.

बरं, जिप्समची उपमा कुठे अडते तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर पोरगी मला हसेल. मातीत अदलाबदल एका पावसात होते, थंड पाण्यात. या दगडात तसं होत नाही, कारण भार फार दाट आहे. त्याच्या पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या अशा प्रत्येक तोंडावर पावणेचार-चार अँगस्ट्रॉम बाजूच्या प्रत्येक चौकोनाला एक भार असतो. मातीच्या पापुद्र्यावर तेवढा एक भार कितीतरी मोठ्या जागेत पसरलेला असतो. जितका भार दाट तितकी मधल्या आयनांवर पकड घट्ट, आणि पापुद्रे एकमेकांपासून सुटायला तितके नाखूष. मातीसारखा हा दगड पाण्यात फुगून चिखल होत नाही. नायोबियमवाल्याला आधी आम्लात हायड्रोजन द्यावा लागतो आणि मग मोठ्या, जाडजूड आयनाचा अल्कली वापरून पापुद्रे फुलवावे लागतात, तेव्हा कुठे ते एकेक करून सुटे होतात.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. अदलाबदल ही दोन्ही बाजूंनी चालणारी गोष्ट आहे. जिप्सम टाकलं पण चर काढून निचरा केला नाही, तर सुटलेलं सोडियम तिथेच घोटाळतं आणि परत मातीत बसतं. पोरीलाही तेच करावं लागतं : क्षार किंवा आम्ल गरजेपेक्षा भरपूर, आणि जुनं ओतून नवं, दोन-तीन वेळा. तुम्ही ज्याला निचरा म्हणता त्याला ती वॉशिंग म्हणते.

फायदा काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असेल. हाच टायटनेट निकेल लावून पाण्यात ठेवला आणि अतिनील प्रकाश सोडला तर पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हे जपानात १९९०च्या दशकात दाखवलं गेलं. पाणी पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि तिथेच फुटतं, असं तिथले संशोधक मानतात. सूर्यप्रकाशात अतिनीलचा वाटा थोडाच, म्हणून अजून त्यावर घरची चूल पेटलेली नाही.

प्रश्न : सर, बाबांनी तुम्हाला पत्र लिहिल्याचं आईकडून कळलं. आता मीही लिहिते. मी पोटॅशियम लॅन्थॅनम टायटनेट केला आणि नायट्रिक आम्लात ठेवला. एक्स-रे काढून आणला, १० ते ८० अंश. सगळे पीक, म्हणजे आलेखातले सुळके, थोडे थोडे इकडे-तिकडे झालेत, पण थरांमधलं अंतर वाढलं की कमी झालं तेच काढता येत नाही. मग एका पेपरात नायोबेटसाठी, म्हणजे नायोबियमवाल्या पदार्थासाठी, ६ मोलर इतकं तीव्र आम्ल दिलेलं पाहिलं, तेवढं वापरलं, तर पीकच गेले, नुसता उंचवटा उरला. मशीनचा नंबर पुन्हा महिनाभराने आहे. पोटॅशियम निघालं का, हे तोवर कसं कळेल?
— बाबांची मुलगी, अमरावती

उत्तर : बेटा, आधी बाबांची माफी माग.

आता कामाचं. तुझा सगळ्यात मोलाचा पीक तू काढलाच नाहीस. थरांमधलं अंतर ज्या पहिल्या पीकवरून कळतं तो तांब्याच्या एक्स-रे नळीवर ६ अंशांजवळ येतो आणि तू सुरुवात केलीस १० पासून. मशीनवाले सवयीने १० टाकतात, त्यांना थराथराच्या पदार्थाची काय पडली आहे. पुढच्या वेळी ३ किंवा ४ पासून सांग. कोरड्या पोटॅशियमच्या नमुन्यात अंतर सुमारे १४.९ अँगस्ट्रॉम, म्हणजे पीक ५.९ अंशांजवळ. हायड्रोजन बसला की अंतर आकसून साधारण १३.६, पीक ६.५च्या आसपास. आणि पीक उलट ५.९च्या खाली गेलेला दिसला तर घाबरू नको. पोटॅशियमच्या नमुन्याने हवेतलं पाणी प्यायलं आहे. श्रावणात उघड्या बशीत ठेवशील तर पिणारच.

६ मोलरचं तू स्वतःच ओढवून घेतलंस. त्या पेपरातला नायोबेट आहे, त्याला तिखट आम्ल आणि काही दिवस लागतात, आणि तो ते पचवतो. तुझ्या टायटनेटला नाही पचत. लॅन्थॅनम आम्लात उतरायला लागतं आणि पापुद्राच विरघळतो. तो उंचवटा म्हणजे राख झालेल्या घराचा ढीग. दोन्हींच्या पापुद्र्यात ऑक्सिजन दहाच आहेत, पण नायोबेटमध्ये मधला आयन एक आणि तुझ्यात दोन. आधीचा प्रकार दिओं आणि जेकबसन यांच्या नावाचा, तुझा रडल्सडेन आणि पॉपर यांच्या. एकाची पाककृती दुसऱ्याला लावू नये. हायड्रोजन भरल्यावरही त्यांचे स्वभाव निराळे : नायोबेट चांगलं आम्ल होतो आणि अमाइन, म्हणजे अमोनियाच्या कुळातले रेणू, सहज आत घेतो, तुझा सहजासहजी घेत नाही. सौम्य आम्ल घे, ढवळत ठेव, आम्ल बदल, पुन्हा ठेव. घाई नको.

महिनाभर मशीनची वाट पाहायची गरज नाही. तुझ्याकडे तराजू आणि भट्टी आहे ना? हायड्रोजनचा नमुना १२० अंशांवर ठेवून वरवरचं पाणी उडव, थंड करून एक ग्रॅम मोज. मग ६०० अंशांवर नेऊन आण. दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन मिळून पाणी होऊन निघून जातं. अदलाबदल पूर्ण असेल तर ग्रॅमला सुमारे ३१ मिलिग्रॅम वजन घटेल. पोटॅशियमचा कोरडा नमुना तसाच तापवला तर घट जवळपास नाही. अर्धीच घट आली तर अर्धंच निघालं असं समज. फक्त तो तापवलेला नमुना मग टाकून दे. पाणी गेल्यावर थर एकमेकांना सांधले जातात, तो थराथराचा राहत नाही.

दुसरी तपासणी मला जास्त आवडते. आम्लातून गाळलेलं पाणी फेकू नको. तुझ्या पदार्थाच्या वजनात जवळजवळ १२ टक्के पोटॅशियम आहे, म्हणजे ग्रॅममागे ११९ मिलिग्रॅम. ते सगळं त्या गाळलेल्या पाण्यात सापडायला हवं. ते मोजायला फ्लेम फोटोमीटर लागतो आणि तो तुमच्या विभागात नसला तरी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत असतो, वावरातला पोटॅश मोजायला. बाबा दरवर्षी मातीची पिशवी घेऊन जिथे जातात तिथेच. या खेपेला त्यांच्यासोबत जा. नमुन्यात आम्ल आहे हे तिथल्या माणसाला आधी सांग आणि ते पुरेसं पातळ करून ने.

आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी. लॅन्थॅनम ऑक्साइडचा डबा उघडल्यावर किती दिवसांनी मोजलंस? तो हवेतलं पाणी शोषून हायड्रॉक्साइड होतो. पूर्ण झाला तर १०० ग्रॅममागे साडेसोळा ग्रॅम वाढतात आणि तू ते लॅन्थॅनम म्हणून मोजतेस. आदल्या रात्री ९००-१००० अंशांवर तापव, कोमट असतानाच मोज. पोटॅशियम कार्बोनेट उलट जरा जास्तीचं घे, कारण भट्टीत पोटॅशियम उडतं. आणि बाबांना सांगू नको, पण पुढे वितळलेल्या सोडियम नायट्रेटमध्ये अदलाबदल करणार असशील तर तिथे कागद, साखर, लाकडाची काडी, कापूस काही म्हणजे काही पडू द्यायचं नाही. तो सोऱ्याचाच भाऊ. माझ्या वर्गात एकदा गाळणीच्या कागदाचा एवढासा कपटा पडला होता. छताचा डाग मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होता.

प्रश्न : पेरोव्हस्काइटचे सोलर पॅनल येत आहेत असं वाचतो. कृषिपंपाच्या सोलरसाठी आत्ता अर्ज करू की ते यायची वाट पाहू?
— एक वाचक, पुसद

उत्तर : नाव तेच, माल वेगळा. वर ज्याची चर्चा झाली त्यात ऑक्सिजन आहे. पॅनलवाल्यात बहुतेक शिसं आणि आयोडीन असतं, फक्त अष्टफलकांची मांडणी त्याच घराण्याची. २००९ साली जपानात मियासाका यांच्या गटाने ते पहिल्यांदा सौर घटात वापरलं आणि तेव्हापासून त्याची ताकद झपाट्याने वाढली. पण ओल आणि ताप हे त्याचे दोन वैरी, आणि आपल्याकडे जूनमध्ये एक, मे महिन्यात दुसरा. पंपावर सध्या मिळतात ती सिलिकॉनची पॅनल. वाट पाहू नका, अर्ज भरून टाका.